पर्यटन व्यवसायातलं कार्बन उत्सर्जन कमी कसं करायचं? हॉटेल, टूर आणि पर्यटनस्थळं चालवणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पर्यटन व्यवसायात हवामानबदलाचा विषय निघाला की पहिली पावलं बहुतेक ठिकाणी सारखीच पडतात. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ बंद होतात, बाथरूममध्ये ‘टॉवेल पुन्हा वापरा’ असं कार्ड लागतं, आवारात चार झाडं लावली जातात. यात वाईट काहीच नाही. पण वर्षअखेरीला हिशोब मांडला की हरितगृह वायूंचा आकडा जवळजवळ जागच्या जागी असतो, कारण पाणी मुरतंय तिथे कुणी हातच घातलेला नसतो. पाहुणा किती लांबून आला, कशाने आला आणि आल्यावर किती रात्री राहिला, या तीन गोष्टींत पर्यटनाच्या उत्सर्जनाचा मोठा वाटा ठरून जातो. त्यानंतर नंबर लागतो गरम पाणी, एसी, जनरेटर आणि स्वयंपाकघराचा. म्हणून कामाची सुरुवात हाउसकीपिंगपासून न करता सहल जिथे आखली जाते त्या टेबलापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. पुढचे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत.

प्रश्न किती मोठा आहे, तेही आधी पाहू. डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०१९ साली जागतिक पर्यटनाचं उत्सर्जन सुमारे ५.२ अब्ज टन होतं, म्हणजे जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या जवळपास ८.८ टक्के. २००९ ते २०१९ या काळात ते दरवर्षी सुमारे ३.५ टक्क्यांनी वाढलं. एकूण जागतिक अर्थव्यवस्थेचं उत्सर्जन याच काळात याच्या निम्म्याहून कमी वेगाने वाढत होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत पर्यटनाबद्दलचा जाहीरनामा निघाला. त्यावर सही करणाऱ्यांनी २०३० पर्यंत उत्सर्जन निम्म्यावर आणण्याचं आणि २०५० च्या आधी शक्य तितक्या लवकर नेट झीरो (जेवढं उत्सर्जन होतं तेवढंच वातावरणातून काढून घेतलं जाणं) गाठण्याचं उद्दिष्ट मान्य केलं आहे. सही केल्यापासून बारा महिन्यांत स्वतःचा कृती आराखडा देण्याची अटही त्यात आहे. ही अट मला फार मोलाची वाटते. सही न करताही ती स्वतःला घालून घेता येते.

टप्पा १: हिशोब मांडा, पण त्यातच वर्ष घालवू नका

आधी एक आधारवर्ष ठरवा. व्यवसाय नेहमीसारखा चालला असं पूर्ण वर्ष घ्या. महामारीत बंद पडलेलं वर्ष धरलं, तर नंतर काहीही केलं तरी उत्सर्जन वाढलेलंच दिसेल.

मग उत्सर्जनाचे तीन भाग करा. ‘जीएचजी प्रोटोकॉल’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत त्यांना स्कोप १, २ आणि ३ म्हणतात. आपल्या जागेत आणि आपल्या गाड्यांत जळलेलं इंधन, तसंच एसी-फ्रीजमधून गळलेला गॅस हा स्कोप १. विकत घेतलेली वीज हा स्कोप २. आपल्या व्यवसायामुळे पण दुसऱ्याच्या जागेत झालेलं उत्सर्जन हा स्कोप ३: पाहुण्यांचा प्रवास, बाहेर धुवायला दिलेले कपडे, खरेदी केलेलं अन्न, भाड्याने घेतलेल्या बसगाड्या.

पहिल्या दोन भागांसाठी बिलं पुरतात. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो, एक किलो एलपीजीमागे जवळपास ३ किलो. विजेचा आकडा ग्रिडवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या जाळ्यावर, अवलंबून असतो. कोळशावर चालणाऱ्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे पाऊण किलो किंवा त्याहूनही जास्त होऊ शकतो, तर जलविद्युतवरच्या ग्रिडमध्ये त्याचा अगदी लहानसा अंश. आपल्या देशाचा अधिकृत आकडा वीज नियामक किंवा ऊर्जा खात्याच्या प्रकाशनात मिळतो, तोच वापरा. बारा महिन्यांची बिलं, एक साधी स्प्रेडशीट आणि हिशोबाची सवय असलेला एक माणूस एवढ्यावर लहान हॉटेलाचं हे काम होतं.

स्कोप ३ मात्र बहुतेक जण टाळतात. “पाहुणा विमानाने आला, त्यात आमचा काय दोष?” हा प्रश्न हमखास येतो. इथे दोष कुणाच्या माथी मारायचा नाहीये. पर्याय कोण बदलू शकतो, एवढंच पाहायचं आहे. हॉटेलच्या नोंदवहीत ‘कुठून आलात’ आणि ‘पुढे कुठे जाणार’ हे रकाने पुष्कळ ठिकाणी आधीपासूनच असतात. त्यात ‘कशाने आलात’ हा एक रकाना वाढवा. तीन महिन्यांत चित्र डोळ्यांसमोर येतं. पाहुण्याने एकाच दौऱ्यात तीन गावं केली असतील, तर त्याच्या विमानप्रवासाचं उत्सर्जन तिथल्या रात्रींच्या प्रमाणात वाटून घ्या. आकडा अगदी काटेकोर येणार नाही, पण निर्णय घेण्यापुरता पक्का येतो.

दोन आकडे कायम शेजारी-शेजारी ठेवा: वर्षाचं एकूण उत्सर्जन, आणि दर पाहुणा-रात्रीमागचं उत्सर्जन. यातला एकच ठेवला तर फसगत होते. सीझन चांगला गेला, खोल्या भरल्या की रात्रीमागचा आकडा आपोआप खाली येतो आणि एकूण आकडा गुपचूप वर जातो. हॉटेलांसाठी ‘हॉटेल कार्बन मेजरमेंट इनिशिएटिव्ह’ ही मोफत पद्धत उपलब्ध आहे. त्यात भरलेल्या खोलीमागे आणि सभागृहाच्या वापरामागे उत्सर्जन कसं काढायचं ते दिलं आहे. मोठे कॉर्पोरेट ग्राहक हल्ली हाच आकडा मागतात, त्यामुळे ती शिकून घेणं व्यवसायाच्या दृष्टीनेही फायद्याचं.

टप्पा २: सहल आखतानाच उत्सर्जन कापा

एक उदाहरण सविस्तर पाहू. पाहुणा ३,००० किलोमीटरवरून विमानाने येतो. येऊन-जाऊन ६,००० किलोमीटर. प्रवासी विमानांची सरासरी माणशी दर किलोमीटरला सुमारे ९० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरली तर ५४० किलो झाले. तो पाच रात्री राहिला तर प्रत्येक रात्रीवर प्रवासाचाच १०८ किलोंचा बोजा पडला. हॉटेलच्या मुक्कामाचे रात्रीला २० किलो धरू. आता जिवाचं रान करून हॉटेलने स्वतःचं उत्सर्जन एक चतुर्थांशाने घटवलं, तर रात्रीमागे ५ किलो वाचतील. तेही करायचंच आहे, त्याबद्दल पुढे येईलच. पण तोच पाहुणा वर्षात पाच-पाच रात्रींच्या दोन सहलींऐवजी दहा रात्रींची एकच सहल करू लागला, तर एका माणसामागे ५४० किलो एका झटक्यात वाचतात.

इथे एक पथ्य पाळायला हवं. मुक्काम लांबला म्हणून रात्रीमागचा आकडा सुधारला, पण पाहुण्याने दुसरी सहलही केलीच, तर वातावरणाला काहीच फायदा नाही. म्हणून ‘जास्त दिवस राहा’ एवढं सांगून भागत नाही. ‘दोनऐवजी एकदा या आणि निवांत राहा’ अशी सहलच विकायला ठेवावी लागते.

शिवाय ५४० किलो हा किमान आकडा आहे. विमानांच्या मागे उमटणारे पांढरे पट्टे आणि उंचावर सोडले जाणारे नायट्रोजन ऑक्साइड यांचाही तापमानवाढीत मोठा हात आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार हवाई वाहतुकीमुळे होणाऱ्या एकूण तापमानपरिणामात कार्बन डायऑक्साइडचा हिस्सा सुमारे एक तृतीयांशच आहे, उरलेला या इतर गोष्टींचा.

मग टूर ऑपरेटरने आणि हॉटेलने नेमकं काय करायचं?

दरपत्रकापासून सुरू करा. पहिल्या दोन रात्रींना पूर्ण दर आणि चौथ्या-पाचव्या रात्रीपासून ठळक सवलत, असा उतरता दर ठेवा. आठवड्याचं पॅकेज सगळ्यात वर दाखवा, एका रात्रीचं सगळ्यात खाली. लांब मुक्कामात चेक-इन, चेक-आउट, चादरी बदलणं, खोलीची कसून सफाई हे सगळं कमी वेळा करावं लागतं. त्यामुळे सवलतीचा बराचसा भाग तिथेच भरून निघतो.

रेल्वेने किंवा बसने येणाऱ्याची वाट सोपी करा. विमानतळावरून मोफत गाडी आणि स्टेशनवरून मात्र पाहुण्याने स्वतःचं बघायचं, अशी व्यवस्था मी पुष्कळ ठिकाणी पाहिली आहे. ती उलटवायला हवी. रात्रीची गाडी सकाळी सहाला पोचत असेल तर दुपारी दोनच्या चेक-इनवर अडून बसू नका. निदान सामान ठेवायला, अंघोळीला आणि नाश्त्याला सोय द्या. पाहुणा रेल्वे टाळतो ते गाडीच्या वेळेमुळे कमी आणि पोचल्यानंतरच्या अडचणीमुळे जास्त. आपल्या वेबसाइटवर ‘इथे कसं याल’ या पानावर रेल्वे आणि बस वर घ्या, गाड्यांच्या वेळा आणि शेवटच्या टप्प्यातल्या वाहनाचा तपशील द्या. या पानाला खर्च जवळजवळ शून्य आहे, आणि तरी ते वर्षानुवर्षं तसंच पडून असतं.

ग्रुप टूरमध्ये ठिकाणं कमी करा. दहा दिवसांत सात शहरं दाखवायच्या नादात प्रवासी बसमध्येच जास्त वेळ असतात आणि अधलेमधले दोन टप्पे विमानाने उरकावे लागतात. त्याऐवजी दोन किंवा तीन मुक्काम ठेवा आणि तिथून दिवसाच्या सहली करा. मार्ग असा आखा की परतीला तेच अंतर पुन्हा कापावं लागणार नाही.

आतल्या विमानप्रवासासाठी स्वतःचा नियम करा. रेल्वेने किंवा बसने अमुक तासांत पोचता येत असेल तर त्या टप्प्यावर विमान विकायचं नाही. फ्रान्सने हे कायद्यानेच केलं आहे. अडीच तासांच्या आत रेल्वेची चांगली सोय आहे तिथली देशांतर्गत उड्डाणं तिथे बंद झाली. मे २०२३ पासून नियम लागू आहे. आपण आपल्या टूरसाठी चार तासांची रेषा आखली तरी चालेल. उड्डाण घेऊन वर चढायलाच विमानाला खूप इंधन लागतं, म्हणून छोट्या अंतरांचं विमान दर किलोमीटरला जास्त महागात पडतं. त्यामुळे हेच टप्पे आधी काढायचे.

जिथे विमानाला पर्यायच नाही तिथेही निवड उरतेच. मधे उतरून दुसरं विमान घेण्यापेक्षा थेट उड्डाण बरं. लांबच्या प्रवासात बिझनेस क्लासची खुर्ची इकॉनॉमीच्या सुमारे तिप्पट उत्सर्जन खाते, कारण ती तेवढी जागा अडवते. एकाच मार्गावरच्या दोन उड्डाणांतही विमानाच्या जातीमुळे चांगलाच फरक पडतो. उड्डाणाचं उत्सर्जन मोजणाऱ्या ‘ट्रॅव्हल इम्पॅक्ट मॉडेल’ या पद्धतीवर आधारलेले आकडे आता बऱ्याच बुकिंग साइटवर तिकिटाशेजारीच दिसतात. कोटेशन देताना भाड्याच्या रकान्याशेजारी हा आकडाही लिहा.

विमानांसाठीच्या शाश्वत इंधनावर आज भिस्त ठेवू नका. टाकाऊ तेलापासून बनवलेलं इंधन संपूर्ण साखळीत उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत घटवू शकतं हे खरं, पण ते मिळतं फार थोडं. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे तिथल्या विमानतळांवर भरल्या जाणाऱ्या इंधनात २०२५ मध्ये त्याचं प्रमाण २ टक्के आणि २०३० मध्ये ६ टक्के असायला हवं. यावरूनच कल्पना येते की या दशकात खरी घट प्रवासाचं अंतर आणि साधन बदलूनच होणार आहे.

पर्यटनस्थळाचा कारभार पाहणाऱ्यांना इथे एक वेगळी विनंती. दरवर्षी ‘इतके लाख पर्यटक आले’ हा आकडा अभिमानाने जाहीर होतो, आणि जाहिरातीचा पैसा दूरदूरच्या बाजारपेठांत ओतला जातो. मोजायच्या त्या मुक्कामाच्या रात्री. प्रत्येक बाजारपेठेसाठी एक साधा तक्ता करा: तिथून येणारा माणूस सरासरी किती अंतर कापतो, किती रात्री राहतो, स्थानिक पातळीवर किती खर्च करतो. रेल्वेने किंवा बसने येऊ शकणारी जवळची बाजारपेठ पुष्कळदा या तक्त्यात वर सरकते, आणि पुढच्या वर्षीचं जाहिरातीचं बजेट कुठे जावं ते आपोआप दिसतं.

टप्पा ३: हॉटेलच्या इमारतीत, गरम पाण्यापासून

बादली आणि मोबाइलमधलं घड्याळ घेऊन एखाद्या खोलीच्या बाथरूममध्ये जा. दहा लिटरची बादली शॉवरखाली धरा आणि पूर्ण उघडा. चाळीस सेकंदांत भरली तर शॉवर मिनिटाला १५ लिटर पाणी सोडतोय. पंचाहत्तर सेकंद लागले तर ८ लिटर. आठ मिनिटांच्या अंघोळीला पहिल्या शॉवरमध्ये १२० लिटर पाणी जातं, दुसऱ्यात ६४. पाणी ३० अंशांनी तापवायचं असेल तर दर शंभर लिटरला साडेतीन युनिट ऊर्जा लागते. म्हणजे एका अंघोळीमागे जवळपास दोन युनिट वाचतात, तेही फक्त शॉवरचं तोंड बदलून. चांगल्या बनावटीचं घ्या; धार नीट लागली नाही तर पाहुणा तक्रार करतो आणि महिन्याभरात जुनं तोंड परत बसतं.

पाणी कमी केल्यावर ते तापवायची पद्धत बदला. साधा विजेचा गिझर एका युनिट विजेतून जास्तीत जास्त एक युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणतो, त्यामुळे एका युनिटात तीनच्या आसपास उष्णता मिळते. भरपूर ऊन असलेल्या जागी सोलर वॉटर हीटर आणि त्याला जोड म्हणून हीट पंप ही जोडी उत्तम. गरम पाण्याच्या पाइपांवर जाड आवरण चढवा, विशेषतः गच्चीवरून जाणाऱ्या. एक गोष्ट मात्र करू नका: वीज वाचवण्यासाठी मोठ्या टाकीतलं तापमान ६० अंशांच्या खाली आणू नका. कोमट साठ्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात आणि त्यातून गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो.

एसीच्या बाबतीत सगळ्यात स्वस्त उपाय रिसेप्शनवर आहे. मंदीच्या दिवसांत पाहुण्यांना पूर्ण इमारतीत विखरून खोल्या देऊ नका. एक मजला किंवा एक विंग भरा आणि दुसरीचा एसी, गरम पाण्याचा पंप, कॉरिडॉरचे दिवे बंद ठेवा. की-कार्डने खोलीची वीज तोडण्याची सोय असेल तर कर्मचाऱ्यांनी त्या खाचेत जुनं कार्ड कायमचं अडकवून ठेवलेलं नाही ना, हे फेरी मारून पाहा. ऊन येणाऱ्या खिडक्यांना बाहेरून सावली द्या. आतल्या पडद्याने ऊन अडतं, उष्णता आत आलेली असते.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट, एसीचा गॅस. बऱ्याच एसींत असलेल्या आर-४१०ए या गॅसचा तापमानवाढीचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट आहे. वर्षभरात तीन किलो गॅस गळला तर तो सव्वासहा टन कार्बन डायऑक्साइडइतका झाला. तेवढं उत्सर्जन व्हायला २,३०० लिटरहून जास्त डिझेल जाळावं लागेल! आणि हे कुठल्याच वीजबिलात दिसत नाही. दिसतं ते एसी दुरुस्तीच्या बिलावर, ‘गॅस भरला’ या ओळीत. मागच्या वर्षाची ही सगळी बिलं काढून किती किलो भरला याची बेरीज करा. बिलावर वजन लिहिलेलं नसेल तर इथून पुढे ते लिहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि सर्व्हिसवाल्याशी करारातच ठरवा: नायट्रोजन भरून गळती शोधल्याशिवाय आणि ती बुजवल्याशिवाय नवा गॅस भरायचा नाही, जुना एसी काढताना त्यातला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा. नवीन यंत्र घेताना आर-३२ किंवा त्याहून चांगला आर-२९० विचारा. आर-२९० म्हणजे प्रोपेन. त्याचा परिणाम नगण्य आहे, पण तो ज्वलनशील असल्याने प्रशिक्षित माणसाकडूनच बसवून घ्यावा. असे गॅस कमी करण्यासाठी झालेल्या २०१६ च्या किगाली या आंतरराष्ट्रीय करारामुळे जुन्या गॅसचा पुरवठा जगभर टप्प्याटप्प्याने कमी होणार आहे, तेव्हा आज घेतलेली चुकीची मशीन पुढे दुरुस्तीलाही जड जाईल.

पंपांकडेही पाहा. पंपाचा वेग २० टक्क्यांनी कमी केला तर त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते, म्हणून सतत चालणाऱ्या पंपांना वेग बदलणारा ड्राइव्ह लावणं हे लवकर वसूल होणारं काम. पहाटे तीन वाजता मीटरचं रीडिंग घ्या, तासाने परत घ्या. सगळे झोपलेले असताना जे युनिट जळतात त्यांचा माग काढला की अनेक विसरलेली यंत्रं सापडतात.

डिझेल जनरेटर एका लिटरमध्ये साधारण तीन-साडेतीन युनिट वीज देतो, आणि हलक्या लोडवर त्याहूनही कमी. रात्री चार दिव्यांसाठी मोठा जनरेटर चालवणं ही शुद्ध नासाडी आहे. तेवढ्यासाठी बॅटरी घ्या. सौर पॅनेल लावायचे तर वरची सगळी कामं झाल्यावर लावा, कारण मागणी कमी झाल्यावर लहान यंत्रणा पुरते.

टप्पा ४: गाड्या आणि बोटी

टूरची बस १,२०० किलोमीटर धावली, लिटरला ४ किलोमीटर दिले, तर ३०० लिटर डिझेल, म्हणजे ८०० किलोंच्या आसपास. वीस प्रवासी असतील तर माणशी ४० किलो. चाळीस असतील तर वीस. वर काढलेल्या विमानाच्या ५४० किलोंशी हे ताडून पाहा. म्हणून भरलेली बस हेच मुळात चांगलं साधन आहे, आणि पहिला प्रयत्न ती भरण्याचा करावा. दोन अर्ध्या भरलेल्या तारखा एकत्र करा, आठ जणांसाठी मोठी बस पाठवू नका.

प्रवासी स्थळ पाहायला गेले असताना एसीसाठी इंजिन चालू ठेवून उभी असलेली बस सगळ्यांनी पाहिली असेल. ड्रायव्हरला सावलीत पार्किंग, बसायला जागा आणि ‘प्रवासी यायच्या दहा मिनिटं आधी इंजिन चालू’ असा स्पष्ट नियम द्या. ड्रायव्हरला नुसता दम देऊन हे होत नाही, त्याच्या विश्रांतीची सोय करावी लागते. ठरावीक छोट्या फेऱ्यांच्या गाड्या, म्हणजे स्टेशन ते हॉटेल किंवा पार्किंग ते किल्ला, आधी इलेक्ट्रिक करा. त्यांचं रोजचं अंतर माहीत असतं आणि रात्री चार्जिंगला वेळ मिळतो.

बोटींना वेग फार महाग पडतो. फेरीच्या वेळापत्रकात दहा-पंधरा मिनिटं वाढवून वेग उतरवला तर इंधनात मोठी बचत होते. क्रूझ जहाजं येणाऱ्या बंदरांनी किनाऱ्यावरून विजेची जोडणी द्यावी, म्हणजे धक्क्याला लागल्यावर इंजिनं बंद ठेवता येतात. नॉर्वेने जागतिक वारसा असलेल्या आपल्या फ्योर्डमध्ये (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमध्ये) २०२६ पासून १०,००० टनांखालच्या प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातली आहे. मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे.

टप्पा ५: स्वयंपाकघर

तीन डबे आणि एक वजनकाटा. एका डब्यात चिरताना-निवडताना गेलेलं, दुसऱ्यात साठवणीत खराब झालेलं, तिसऱ्यात ताटात उरलेलं. दोन आठवडे रोज वजन लिहा. कुठल्या डब्यात जास्त पडतंय त्यावर उपाय ठरतो: तिसरा डबा भरत असेल तर बुफेतली भांडी लहान करा आणि शेवटच्या तासात मागणीप्रमाणे ताजं बनवून द्या. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ साली जगात १.०५ अब्ज टन अन्न वाया गेलं, आणि त्यातला २८ टक्के वाटा हॉटेल-उपाहारगृहांसारख्या सेवांचा होता. उरलेलं कचराडेपोत कुजलं की मिथेन तयार होतो. तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक आहे, त्यामुळे ओला कचरा वेगळा करून कंपोस्ट किंवा बायोगॅसला द्या. मेनूत डाळी, कडधान्यं, भाज्यांचे पदार्थ आधी आणि आकर्षक नावांनी मांडा. गुरामेंढ्यांच्या मांसाचं उत्सर्जन त्यांच्या कितीतरी पट असतं.

टप्पा ६: पाहुण्याशी बोलताना

टॉवेलच्या कार्डाबद्दल सुरुवातीला लिहिलं, तर त्याचाही योग्य उपयोग सांगतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ‘पर्यावरण वाचवा’ अशा कार्डाने सुमारे ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले. ‘या खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरले’ अशा कार्डाने ४९ टक्क्यांनी. उपदेशापेक्षा ‘इतर लोक असं करतात’ हे जास्त पटतं. याहूनही परिणामकारक म्हणजे चांगला पर्याय आपोआप लागू ठेवणं: रोजची सफाई मागितली तरच, कोटेशनमध्ये पहिला पर्याय रेल्वेचा, आपल्या नियमात बसणारं विमान मागितलं तर खुशाल द्या. मात्र कार्डावर लिहिलेलं खरं असायला हवं. बहुतेक पाहुणे करत नसतील तर तसं लिहू नका.

टप्पा ७: भरपाईची क्रेडिट्स आणि जाहिरातीतले दावे

कार्बन क्रेडिट (दुसरीकडे कुठेतरी उत्सर्जन कमी केल्याचं किंवा शोषल्याचं प्रमाणपत्र) विकत घेऊन ‘आमची टूर कार्बन-न्यूट्रल’ असं छापणं सोपं आहे. माझा सल्ला: छापू नका. लावलेलं जंगल दहा वर्षांनी जळू शकतं, वाचवलेलं जंगल क्रेडिटशिवायही वाचलंच असतं का हे सिद्ध करणं अवघड असतं, आणि विमानातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड मात्र शतकानुशतकं हवेत राहतो. कायदेही कडक होत आहेत. युरोपीय संघात सप्टेंबर २०२६ पासून केवळ क्रेडिटच्या आधारावर उत्पादनाला कार्बन-न्यूट्रल म्हणता येणार नाही. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम विमान कंपनीच्या पर्यावरणविषयक जाहिरातींतले अनेक दावे दिशाभूल करणारे ठरवले. युरोपातून ग्राहक घेणाऱ्या प्रत्येक टूर ऑपरेटरने हे ध्यानात ठेवावं.

त्याऐवजी स्वतःच्याच व्यवसायात एक निधी काढा. दर टन उत्सर्जनामागे ठरावीक रक्कम बाजूला ठेवा आणि ती हीट पंप, बॅटरी, इलेक्ट्रिक गाडी यांवरच खर्च करा. पैसा आपल्याच इमारतीत राहतो, आणि पुढच्या वर्षी भरायची रक्कम कमी होते. निसर्गसंवर्धनाला देणगी द्यायची असेल तर जरूर द्या, फक्त ती स्वतःच्या उत्सर्जनातून वजा करू नका.

कामाचा क्रम

पहिल्या तीन महिन्यांत बिलांचा हिशोब, नोंदवहीतला नवा रकाना, शॉवरची बादली-चाचणी आणि एसी सर्व्हिसचा नवा करार. यांना भांडवल जवळजवळ लागत नाही. पुढचा सीझन छापायला जाण्यापूर्वी दरपत्रक आणि टूरचे मार्ग बदला. ही संधी वर्षातून एकदाच येते, एकदा ब्रोशर गेलं की वर्षभर हात बांधलेले. मंदीच्या काळात हीट पंप, पाइपांचं आवरण, पंपांचे ड्राइव्ह. लाँड्री, बस आणि अन्न पुरवणाऱ्यांचे करार नवे होतील तेव्हा त्यांत इंधन आणि विजेचा तिमाही आकडा देण्याची अट घाला. लहान पुरवठादाराला फॉर्म भरायला जमत नसेल तर आपल्या माणसाने जाऊन बिलं पाहून भरावा.

कुणा एकाच्या नावावर हे काम द्या, त्याला त्यासाठी आठवड्यातला ठरावीक वेळ द्या, आणि मासिक बैठकीत उत्पन्नाच्या आकड्यांनंतर लगेच उत्सर्जनाचे दोन आकडे वाचले जाऊ द्या. वर्ष संपल्यावर एकूण टन, रात्रीमागचे किलो, पाहुण्यांपैकी किती टक्के विमानाशिवाय आले आणि सरासरी मुक्काम किती रात्रींचा झाला, हे चार आकडे आधारवर्षाशेजारी मांडून वेबसाइटवर टाका. एखादा आकडा वाढला असेल तर तोही तसाच टाका आणि खाली दोन ओळींत कारण व पुढचं पाऊल लिहा.